छत्री उतरवली, पण अँटेना आहे कुठे?

पुण्या-ठाण्यातल्या दहा-पंधरा वर्षे जुन्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर चक्कर मारली, तर कठड्याला ठोकलेल्या छत्र्यांची रांग दिसते. साऱ्यांची तोंडे साधारण आग्नेयेकडे. जवळ जाऊन पाहिले तर बऱ्याच छत्र्यांची केबल मध्येच तुटलेली असते, पत्र्यावर गंज चढलेला असतो आणि एखादीत कबुतराने संसार मांडलेला असतो. खाली त्याच घरात टीव्ही मात्र चालू असतो. तो आता राउटरवर चालतो.

आकडेही तेच सांगतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या नोंदींनुसार पैसे भरून डीटीएच पाहणारे सक्रिय ग्राहक २०१९च्या सुमारास सात कोटींच्या पुढे होते. मार्च २०२४मध्ये ते सुमारे ६.२ कोटींवर आले आणि मार्च २०२५मध्ये सुमारे ५.७ कोटींवर. एका वर्षात पन्नास लाखांच्या आसपास जोडण्या कमी झाल्या.

या घरांपैकी अनेकांना सल्ला मिळालेला असतो तो भाच्याकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून किंवा यूट्यूबवरच्या एखाद्या अमेरिकन व्हिडीओतून: डिश काढून टाका, छतावर अँटेना लावा, बाकीचे स्ट्रीमिंगवर पाहा. सल्ला खोटा नाही. अमेरिकेत लाखो घरांनी तो पाळला आणि त्यांचे पैसे वाचले. महाराष्ट्रात मात्र त्याचा अर्धाच भाग पोहोचला. स्ट्रीमिंग आले, अँटेना आला नाही. आणि फुकट असलेला भाग नेमका अँटेनाचाच होता. तो वगळून छत्री उतरवणारे घर एक बिल बंद करून दुसरे सुरू करते, त्याला बचत समजते.

अमेरिकेत हे का जमते?

एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही चार मोठी खासगी नेटवर्क्स आणि पीबीएस ही सार्वजनिक सेवा तिथे आजही जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून हवेत सोडली जातात. १२ जून २००९ रोजी तिथल्या मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण थांबले. पण त्याच्या जागी डिजिटल प्रक्षेपण आले. परिणाम असा, की एकदा अँटेना विकत घेतला की बातम्या, स्थानिक हवामान, वादळाचे इशारे आणि मोठे सामने एचडीमध्ये दिसतात. महिन्याचे बिल नाही. वर्षातला सर्वांत मोठा सामना, ‘सुपर बोल’, याच नेटवर्क्सवर असतो. गुरुवारचे फुटबॉल सामने २०२२पासून ॲमेझॉनकडे गेले, तरी खेळणाऱ्या दोन्ही संघांच्या शहरांत ते स्थानिक केंद्रावरून फुकट दाखवले जातात.

कायदाही अँटेनाच्या बाजूने आहे. १९९६च्या दूरसंचार कायद्यानंतर तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने नियम केला, की रहिवाशाच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागेत अँटेना किंवा छोटी डिश लावायला घरमालकांच्या संघटनेने आडकाठी करू नये. आपल्याकडे गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते, हे लक्षात घेतले तर या नियमाचे मोल कळते.

म्हणजे तिथे पाया फुकटचा आहे आणि स्ट्रीमिंग त्याच्यावरचा मजला. हा पाया किती कामाचा, हे स्ट्रीमिंगच्या किमती पाहिल्या की समजते. नेहमीच्या वाहिन्या इंटरनेटवरून देणारी ‘यूट्यूब टीव्ही’ २०१७मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाली. जानेवारी २०२५मध्ये तिचा दर ८२.९९ डॉलर झाला. ज्याच्या छतावर अँटेना आहे तो अशा दरवाढीला ‘नको’ म्हणू शकतो, कारण ‘नको’ म्हटल्यावरही त्याच्या टीव्हीवर काहीतरी दिसत राहते.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांचे गणित अर्थात वेगळे. तिथला अँटेना मराठी मालिका देत नाही. त्यांच्यासाठी ॲप हाच खरा दिलासा ठरला. स्ट्रीमिंगने जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्याखालच्या पायाचा आहे.

आपला अँटेना कुठे गेला?

पन्नाशीच्या पुढच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कौलांवर बांबू, बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्या, खाली चपटी वायर. कावळा बसला की चित्र फिरायचे. एकाने वर चढायचे, दुसऱ्याने अंगणातून ओरडायचे आणि तिसऱ्याने घरातून ‘मुंग्या आल्या’ किंवा ‘आता दिसतंय’ असा निकाल द्यायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा मुंबईसाठी आणि सिंहगडावरचा पुण्यासाठी. ऐंशीच्या दशकात उपग्रहाच्या मदतीने जिल्ह्याजिल्ह्यांत लहान प्रक्षेपक उभे राहिले, आणि पुढे देशभरातली त्यांची संख्या चौदाशेच्या आसपास गेली.

पण अमेरिकेतला आणि आपला अँटेना यांत पहिल्यापासून एक फरक होता. तिथे मनोऱ्यावरून खासगी वाहिन्याही बोलत होत्या; इथे फक्त दूरदर्शन. १९९१-९२मध्ये स्टार आणि झी आल्या त्या थेट उपग्रहावरून, आणि घरात शिरल्या त्या गल्लीतल्या केबलवाल्याच्या तारेने. जमिनीवरून प्रक्षेपण करण्याची मुभा खासगी वाहिन्यांना कधी मिळालीच नाही. त्यामुळे प्रेक्षक अँटेनापासून दूर गेला, आणि प्रेक्षक गेला म्हणून अँटेनावर खर्च करण्याचे कारण सरकारला उरले नाही.

यातली विसंगती अशी, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने याच देशात, फेब्रुवारी १९९५मध्ये, स्पष्ट सांगितले आहे. निमित्त क्रिकेटचेच होते: १९९३च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व नभोवाणी मंत्रालय यांच्यात झालेला वाद. त्या निकालाने सरकारची मक्तेदारी नाकारली, तसेच या लहरींचा वापर लोकांच्या हितासाठी व्हावा असेही बजावले. प्रत्यक्षात मक्तेदारी गेली ती उपग्रह आणि केबलच्या वाटेने, आणि लोकांच्या मालकीच्या त्या लहरी हळूहळू रिकाम्या पडत गेल्या.

एक संधी मध्ये येऊन गेली. फेब्रुवारी २०१६मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल जमिनी प्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंबई होती आणि तेव्हाचे औरंगाबादही. चित्र स्वच्छ, मुंग्या नाहीत, एकाच लहरीवर अनेक वाहिन्या. पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक टीव्हींत ते पकडणारा ट्यूनर नव्हता आणि मोबाइलला लागणारा डोंगल कुणी पाहिलेला नव्हता. गाजावाजा झाला तोही बेताचाच. आज शहरातल्या दहा जणांना विचारले तर एखाद्याला ही सेवा आठवेल.

त्यानंतर प्रसार भारतीने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. २०२१-२२पर्यंत सीमाभागातले आणि मोक्याचे असे सुमारे पन्नास वगळता बाकीचे थांबले. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. जुनी यंत्रणा, वीजबिल, कर्मचारी. आणि समोर जवळजवळ कुणीच प्रेक्षक नाही. चूक वेगळी होती. अमेरिकेत जुने बंद झाले तेव्हा नवे चालू होते आणि ते पकडणारा टीव्ही घराघरांत होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना डबा घेण्यासाठी सरकारने कूपन दिले. आपल्याकडे जुने बंद झाले आणि नवे कुठे आहे हे कुणी सांगितले नाही.

मग घरातला हिशेब काय सांगतो?

डीटीएचवरचा राग समजण्यासारखा आहे. १ फेब्रुवारी २०१९पासून ‘ट्राय’ची नवी दरपद्धत लागू झाली, ती ‘पाहाल तेवढेच भरा’ असे सांगत. प्रत्यक्षात पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये जोडणी शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे काहीच सशुल्क न पाहता १५३ रुपये ४० पैसे. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, खेळाच्या वाहिन्या हे सगळे त्यावर. पुढे नियम दोनदा बदलले आणि जुलै २०२४मध्ये जोडणी शुल्कावरची मर्यादाच उठवली गेली. घरातल्या माणसाने पॅक समजून घ्यावा तोवर पॅकच बदलायचा. वैतागून छत्री उतरवणारा माणूस मूर्ख नाही.

आता दुसरी बाजू. घरी येणाऱ्या इंटरनेटची ३९९ रुपयांची साधी योजना घेतली, तर जीएसटीसह ती ४७० रुपये ८२ पैशांना पडते. त्यावर ॲपचे वर्गणीशुल्क. स्टार प्रवाहच्या मालिका एका ॲपवर, झी मराठीच्या दुसऱ्यावर. टीव्ही जुना असेल तर त्याला लावायची स्टिक वेगळी. हा सगळा खर्च टीव्हीच्या नावावर टाकणे अन्यायाचे होईल हे खरे. त्याच इंटरनेटवर मुलांचा अभ्यास आणि घरून काम चालते. ज्या घरात इंटरनेट आधीपासूनच आहे तिथे छत्री उतरवणे फायद्याचेच ठरते. पण ज्या घरात ते केवळ टीव्हीसाठी घ्यावे लागते तिथे बिल कमी होत नाही, वाढते.

आणि ज्या घरात फक्त मोबाइलचा डेटा आहे तिथे तर हिशेब बसतच नाही. साधे चित्र पाहायला तासाला एक जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, एचडीला तीन जीबीपर्यंत. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर संध्याकाळच्या दोन मालिका आणि बातम्या बघितल्या की उद्यापर्यंत व्हॉट्सॲपही रांगत चालते. दिवसाला तीन-चार तास चालणारा टीव्ही असा चालू शकत नाही.

यामागे तंत्राचे एक साधे कारण आहे. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून सोडलेला सिग्नल एकच असतो. तो एका घराने घेतला काय आणि एक कोटी घरांनी घेतला काय, खर्च तेवढाच. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी धार सोडावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना ‘हॉटस्टार’वर एका क्षणी ५.९ कोटी लोक पाहत होते, म्हणजे ५.९ कोटी वेगवेगळ्या धारा. ते पेलले गेले हे अभियांत्रिकीचे मोठे यश. पण त्याचा खर्च कुणाला तरी भरावा लागतो, आणि तो शेवटी डेटाच्या पॅकमध्ये, वर्गणीत किंवा जाहिरातीत येऊन बसतो. शिवाय ही धार काही सेकंद मागे असते. शेजारच्या घरातून ‘आउट’ची आरोळी येते तेव्हा आपला गोलंदाज अजून धावायलाही निघालेला नसतो.

पैशांपलीकडचाही एक हिशेब आहे, आणि तो जास्त जिव्हारी लागणारा आहे. मुलगा पुण्याला, आई चिपळूणजवळच्या गावी, अशी घरे कोकणात काही थोडीथोडकी नाहीत. मुलाने दिवाळीत येऊन छत्री बंद केली, स्मार्ट टीव्ही लावला, ॲप टाकून दिले. पंधरा दिवसांनी ॲप स्वतःला अपडेट करते आणि पुन्हा लॉगिन मागते. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर. मुलगा मीटिंगमध्ये. किंवा सुनेने पुण्यात दुसऱ्या टीव्हीवर तेच खाते उघडले आणि गावाकडच्या पडद्यावर सूचना आली, की परवानगीपेक्षा जास्त उपकरणे चालू आहेत. ही सूचना बहुधा इंग्रजीत असते. आठची मालिका आठला लावायची आणि साडेआठला जेवायला उठायचे, हा ज्या बाईचा चाळीस वर्षांचा दिनक्रम, तिला आता टीव्ही लावण्यासाठी मुलाची वाट पाहावी लागते. ती तक्रार करत नाही. ‘हल्ली टीव्हीत काही राम नाही’ एवढेच म्हणते आणि तो बंद ठेवते.

सामना फुकट कुठे दिसतो?

छत्री उतरवण्याच्या निर्णयात क्रिकेटचा वाटा मोठा असतो, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. तो फारच कमी लोकांना माहीत आहे.

२००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावाच लागतो. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही. हेतू साधा होता: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही भारताचा सामना दिसावा. पुढे दूरदर्शनची वाहिनी प्रत्येक केबल आणि डीटीएचवर दाखवणे सक्तीचे असल्यामुळे हाच सामना सगळीकडे फुकट दिसू लागला. लाखो-कोटी मोजून हक्क घेतलेली वाहिनी न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या जमिनी प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या ‘फ्री डिश’वरच दाखवावा, खासगी केबल आणि डीटीएचवर तो जाता कामा नये.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा मजेशीर आहे. दरमहा चारशे रुपये भरणाऱ्या डीटीएच ग्राहकाच्या दूरदर्शनवर सामन्याच्या वेळी दुसरे काहीतरी चालू असते, आणि शेजारच्या पत्र्याच्या घरात, एक रुपयाही न भरणाऱ्या फ्री डिशवर तोच सामना दिसतो. ॲपवर पाहायचा तर वर्गणी आणि डेटा. म्हणजे भारताचा सामना कायद्याने फुकट आहे, पण तो पकडायला जे लागते तेच मध्यमवर्गीय घरांनी कधी गच्चीवर लावलेले नाही.

फ्री डिश अँटेनाची जागा घेईल का?

बऱ्याच अंशी घेईल, आणि घेतेच आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली ही सेवा आज उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार पाच कोटींच्या आसपास घरांत आहे. पैसे भरणाऱ्या डीटीएचची घरे घसरत घसरत तिच्याजवळ येऊन ठेपली आहेत. छत्री आणि डबा मिळून एकदाच दीड-दोन हजार रुपये. नंतर रिचार्ज नाही, ओटीपी नाही, पासवर्ड नाही. सह्याद्री, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, बातम्या, चित्रपट, शैक्षणिक वाहिन्या, वर आकाशवाणीही. कुणी कितीही घरांत लावा, कुणाला कळतसुद्धा नाही. त्यामुळे नेमकी घरे किती हेही अंदाजानेच सांगावे लागते.

शहरात मात्र तिच्याकडे ‘गावाकडची छत्री’ म्हणून पाहिले जाते. हा निव्वळ दिमाखाचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही.

पण दोन उणिवा खऱ्या आहेत. पहिली पावसाची. ज्या लहरींवर ही सेवा चालते त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. जुलैतल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर पडदा काळा होतो. जमिनी अँटेनाला पावसाचा एवढा त्रास नव्हता. दुसरी उणीव भाषेची, आणि ती अधिक गंभीर. फ्री डिशवरच्या जागा लिलावाने विकल्या जातात. २०२३मध्ये प्रसार भारतीला त्यातून हजार कोटींहून अधिक मिळाले. पैसा जिथे जास्त तिथे हिंदी मनोरंजन आणि हिंदी चित्रपट. मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला त्या गर्दीत थोडेच येते. ज्या मराठी मालिकांची घरोघरी चर्चा होते त्या सशुल्क वाहिन्यांवर आहेत आणि फ्री डिशवर दिसत नाहीत.

शिवाय खासगी वाहिन्यांचा इथला मुक्काम त्यांच्या सोयीने. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि कलर्स रिश्ते या चार वाहिन्या २०१९च्या दरबदलानंतर फ्री डिशवरून निघून गेल्या, जून २०२०मध्ये परतल्या आणि एप्रिल २०२२मध्ये पुन्हा गेल्या. प्रेक्षकाला कुणी विचारले नाही. रिमोटवरचा तो आकडा दाबला की निळा पडदा.

म्हणून फ्री डिशला अमेरिकन अँटेनाची बरोबरी आज करता येत नाही. ती यावी असे वाटत असेल तर प्रसार भारतीने लिलावाकडे फक्त महसूल म्हणून पाहणे थांबवायला हवे. मराठीसह प्रत्येक प्रादेशिक भाषेसाठी काही जागा बोलीबाहेर, नाममात्र दरात, आणि किमान काही वर्षे हलणार नाही अशा अटीवर राखून ठेवता येतील. त्या बदल्यात वाहिनीकडून संध्याकाळची मराठी बातमीपत्रे आणि हवामानाचे इशारे मागता येतील. हजार कोटींतले थोडे कमी होतील. सार्वजनिक प्रसारण संस्थेने तेवढे सोसायला हरकत नाही. सह्याद्री वाहिनीवर आजही जाणत्या माणसांचे कार्यक्रम होतात. पण नवी मालिका, नवे नाटक, चांगला मराठी चित्रपट तिथे नियमाने दिसला तरच घरातले लोक त्या आकड्यावर थांबतील.

त्याऐवजी सरकारचे लक्ष नव्या गोष्टींकडे आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात, इफ्फीच्या उद्घाटनात, प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप आले. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात. उपक्रम चांगला, पण तो फुकट असला तरी डेटा फुकट नाही. ज्याच्याकडे इंटरनेट आहे त्याच्या पर्यायांत आणखी एकाची भर, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा आहे. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही पोहोचवणाऱ्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ तंत्राच्या चाचण्या बेंगळूरु, दिल्ली आणि नोएडात झाल्या. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स यांचा त्यात हात आहे. मनोऱ्यावरून हवेत सोडलेला एकच सिग्नल, आणि तो पकडणारा फोन: म्हणजे जुना अँटेनाच, खिशात मावणारा. त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा राखण्याचा विचार आहे. फोनमध्ये त्याची वेगळी चिप लागते आणि मोठ्या मोबाइल उत्पादकांनी तिला हरकत घेतली आहे. दूरसंचार कंपन्यांनाही हे रुचणार नाही, कारण डेटाचा मोठा वाटा व्हिडीओतूनच खर्च होतो. २०१६च्या १६ शहरांत ट्यूनरविना जे झाले तेच इथे चिपविना होईल, हा धोका उघड आहे. नियम आधी आणि प्रक्षेपण नंतर असा क्रम ठेवला तरच हे टिकेल.

छत्री उतरवण्याआधी

हे सगळे होईल तेव्हा होईल. रिचार्ज संपायला चार दिवस उरलेल्या घराला आज काय करता येईल?

गच्चीवरची जुनी छत्री भंगारात देऊ नये. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, आकाशात अर्ध्याहून थोडा वर येतो. खासगी कंपन्यांच्या छत्र्या त्याच बाजूच्या दुसऱ्या उपग्रहांकडे पाहत असतात. त्यामुळे बहुतेक वेळा जुन्याच छत्रीचे तोंड थोडे फिरवून, फक्त डबा नवा घेऊन काम होते; एलएनबी गंजला असेल तर तोही बदलावा लागतो. डबा घेताना ‘एमपीईजी-४’ असल्याची खात्री करावी, कारण जुन्या डब्यांत काही वाहिन्या दिसत नाहीत. आग्नेयेला उंच इमारत किंवा आंब्याचे झाड असेल तर मात्र उपाय नाही. अशा वेळी सोसायटीने गच्चीवर मोकळ्या जागी एकच छत्री लावून साऱ्या मजल्यांना वायर देणे सोपे आणि स्वस्त पडते. छत्री भाड्याने दिलेली असेल तर ती कंपनीची. ते आधी विचारून घ्यावे.

मालिका सोडवत नसतील, आणि त्या सोडायला कुणी सांगतही नाही, तर घरातल्या रोजच्या पाहण्याप्रमाणे एकच ॲप वर्षासाठी घ्यावे. दोन-तीन ॲप मासिक घेतले की डीटीएचचे बिल मागे राहते. ज्या आई-वडिलांसाठी ते घ्यायचे त्यांच्याच नंबरावर खाते उघडावे, म्हणजे ओटीपी त्यांच्याच हातात येईल. आणि टीव्हीच्या मागे फ्री डिशची वायर जोडलेली ठेवावी. रिमोटवर एक बटन दाबले की ती चालू होते. जुन्या डीटीएच खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते संपेपर्यंत दोन्ही चालू ठेवून पाहता येते.